नको ते सगळं काढलेला कंप्युटर

आमच्या पेडण्याच्या घरात सगळ्यांत चटकन जागा होणारा कोण, तर कंप्युटर. बटण दाबलं की पापणी लवायच्या आत काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक पांढरी रेघ, आणि बाकी काही म्हणजे काही नाही. हे घडवायला आमच्या ह्यांनी, म्हणजे कृष्णनाथांनी, गणपतीच्या चवथीपासून दिवाळीपर्यंतचे दिवस घातले. तेवढ्या दिवसांत नाटक किती लिहून झालं म्हणाल, तर नाटकाचं नाव.

नाटक जत्रेचं होतं आणि माझ्या भावासाठी होतं. बाबली आमच्याच तालुक्यात, चोपड्याला, शेती करतो, आणि मिसरूड फुटायच्या आधीपासून जत्रेच्या नाटकांत बायकांची कामं करत आला. त्या वर्षी त्याच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशनने माणूस राहील, आवाज राहणार नाही. बाबलीने जत्रेपुरती सवड मागून घेतली. "भावोजी, माजेखातीर एक आवयचो पार्ट बरयात," एवढंच तो म्हणाला. आईचं काम त्याला कुणी मनासारखं लिहूनच दिलं नव्हतं. ह्यांनी त्याचा हात धरून शब्द दिला. मी समोरच उभी होते.

ह्यांची सगळी नोकरी डिचोलीला खाणीच्या कचेरीत गेली. तिथल्या कंप्युटरवर काळा पडदा आणि हिरवी अक्षरं असत, आणि त्यासमोर काम कसं सरसर होई, हे कौतुक मी ते निवृत्त झाल्यापासून ऐकते आहे. आमच्या सुविधाने, मुलीने, हौसेने घेऊन दिलेला नवा कंप्युटर ह्यांना पसंत पडेना. तो उठायला वेळ लावतो, चित्रं दाखवतो, पत्त्यांचा डाव मांडतो, मग लिहिण्यात लक्ष कसं लागणार? नाचता येईना अंगण वाकडं!

एका मासिकात वाचून मग ह्यांनी साफसफाई काढली. खेळ काढले. चित्रं काढली. इंटरनेट तोडलं. गाणी ऐकायचा मोह नको म्हणून आवाजच काढून टाकला. एवढ्याने भागेना तेव्हा खोलीकडे वळले. घड्याळ बाहेर, खिडकी बंद, आणि माझा टेपरेकॉर्डर भंगारवाल्याच्या हातगाडीवर. मी तणतणले, तर म्हणतात, "कंप्युटर हलको जालो की मन हलकें जाता गो!" माझं डोकं जड झालं त्याचं काय, ते कुणी विचारलं नाही.

बाबली दर रविवारी बसने यायचा. दर खेपेला आवाज आणखी घोगरा. "जालो पार्ट?"

"जाता, जाता. कंप्युटर मात्सो तयार जावं दी."

दिवाळीनंतर तो तयार झाला म्हणायचा, तेवढ्यात ह्यांना आत भाषांची यादी सापडली. कोंकणी आणि मराठी, शेजारीशेजारी. गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी, ह्या आंदोलनात आमचे हे मराठीच्या मोर्चांत घसा बसेपर्यंत ओरडलेले. घरात, बाजारात, झोपेत बरळतात ती कोंकणी, पण लिहिणार ती मराठीच. "ही हांगा कित्याक?" इथे हिचं काय काम, म्हणत त्यांनी कोंकणी उडवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू पणजी सर करून आले.

मग नाटकाची पहिली ओळ टाइप करायला बसले. पडद्यावर चौकोन. एकामागून एक रिकामे चौकोन. लिपी दोघींची एकच. एकीला हाकललं तर ती दुसरीचीही अक्षरं घेऊन गेली! मी आधी पोट धरून हसले, मग रडायलाच आलं, कारण जत्रा तोंडावर होती. "कागद घ्या आणि लिहा हो!" मी ओरडले. पण नाही. अक्षरं परत आणीन तेव्हाच लिहीन, म्हणाले. तो डबा उचलून विहिरीत टाकावा इतका संताप आला मला.

अक्षरं आली ती जत्रेच्या सकाळी. बाबली नेसायचं लुगडं पिशवीत घेऊन दारात उभा होता. ह्यांनी मान खाली घातली. बाबलीने कोरा पडदा पाहिला आणि तो रागावला नाही. तो रागावला नाही, हे मला अजून सहन होत नाही. "रावूं दी भावोजी," म्हणाला, "स्टेजीर पळयतां." काय ते स्टेजवर गेल्यावर बघतो, असं.

मंडळींनी जुनंच एक नाटक उभं केलं. त्यातल्या आईला इनमीन चार वाक्यं, तीही मराठीत. ती बाबलीने म्हटली आणि थांबला. घर सोडून गेलेला मुलगा समोर उभा होता. "पुता, जेवलो रे?" बाबलीने एकदम कोंकणीत विचारलं, आणि त्या फाटक्या आवाजात पुढे बोलतच राहिला, कुणी न लिहिलेलं. हे माझ्या शेजारी बसून ढसाढसा रडले.

ऑपरेशन नीट झालं. माणूस राहिला.

आता हे रोज संध्याकाळी बटण दाबतात. पडदा लगेच उजळतो. कोंकणीही परत आणून ठेवली आहे. "अगो, 'जेवलो रे' म्हणल्या उपरांत बाबली कितें म्हणलो?" मला विचारतात. मी आठवेल तसं सांगते, हे टाइप करतात. रविवारी बाबली येतो आणि ते वाचतो. आपण काय बोललो ते त्यालाही आता आठवत नाही, पण लिहिलंय ते नव्हे, एवढं त्याला कळतं. तो नुसती नकाराची मान हलवतो, आणि लिहिलेलं सगळं आमचे हे पुसून टाकतात.