बेलार्मिनोची झुल्मिरा

बुचाच्या ओकवर जोरात कुऱ्हाड मारणारा माणूस आमच्या साल काढणाऱ्या टोळीत टिकत नाही. जोर सगळ्यांकडेच असतो. बाटल्यांची बुचे जिच्यातून होतात ती साल जिथे संपते तिथे तो जोर थांबवायचा, हे खरे काम. सालीखालच्या जिवंत थराला आम्ही ‘आई’ म्हणतो. तिला पाते लागले की झाड जखम झाकून घेते, पण त्या जागी पुन्हा धड साल येत नाही.

आमच्या डोंगरात हे काम बेलार्मिनोसारखे कोणी करत नव्हते. मी त्याचा जोडीदार. खोडाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी. त्याची मुलगी झुल्मिरा निघालेल्या साली उचलायला यायची. बायकांना तेवढेच काम असे. तिने हट्टच धरला म्हणून त्याने तिच्या हाती कुऱ्हाड दिली. मनगट सैल ठेव, आधी ऐक, साल पोकळ वाजली तरच पाते फिरव. एवढेच शिकवले आणि रोज शिकवले.

ती एकोणीस वर्षांची असताना ओढ्याकाठच्या मोठ्या ओकवर तिचा घाव खोल गेला. आईचा तळहाताएवढा तुकडा निघून आला. बेलार्मिनोने टोळीसमोर तिच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली. आठवड्याच्या आत ती सेतुबल बंदरात मासळीच्या कारखान्यात कामाला लागली.

नाताळला ती घरी यायची. मीही जेवायला असायचो. बाप विचारायचा, रस्ता कसा होता. ती म्हणायची, बरा होता. मग दोघे घरच्या डुकरांबद्दल बोलत बसायचे. एका हिवाळ्यात छातीत कळ येऊन तो गेला. ती मातीला आली आणि परत गेलीच नाही. बापाची कुऱ्हाड घेऊन माझ्या दारात उभी राहिली. म्हणाली, काका, तुम्हाला जोडीदार लागेल ना.

मुकादम फौस्तिनोने नाक मुरडले, पण लहान झाडांची साल काढू दिली. तिला मासळीचा वास येतो, अशी थट्टा दोन हंगाम चालली. ती दोन्ही हंगाम खाली मान घालून राबली.

एकदा साल काढली की नऊ वर्षे झाडाला हात लावायचा नाही. म्हणून खोडावर पांढऱ्या रंगाने वर्षाचा आकडा घालतात. तिच्या त्या घावाला नऊ वर्षे झाली, त्या उन्हाळ्यात ओढ्याकाठच्या ओकची पाळी आली. फौस्तिनोने तो दुसऱ्या जोडीला दिला. झुल्मिरा म्हणाली, तो माझा आहे.

“पुन्हा आई दुखावलीस, तर कुऱ्हाड ठेवायची आणि साली उचलायच्या,” फौस्तिनो सगळ्यांसमोर म्हणाला. “कायमच्या.”

“चालेल.”

त्या सकाळी पूर्वेचा कोरडा वारा सुटला होता. अशा वाऱ्यात साल चिकटून बसते. झुल्मिराने एक हलका घाव घातला. आवाज बद्द आला. तिने कुऱ्हाड खाली ठेवली, सावलीत बसली आणि पाव-ऑलिव्ह खायला लागली.

“झाड आपणहून कपडे काढेल म्हणून बसलीस होय?” कोणीतरी विचारले.

“तुझ्यापुढे तर मुळीच काढणार नाही.”

फौस्तिनोला राहवेना. म्हणाला, तुझा बाप असा बसला नसता.

“बसायचा,” मी म्हणालो. “तेव्हा तू पलीकडे घोरत असायचास.”

वारा पडला तशी ती उठली. घाव घातला. पोकळ वाजले. मग खोडावरच्या सर्वांत खोल भेगेतून वरून खाली कापत आली, प्रत्येक घावाला पाते जरासे फिरवत. जुन्या जखमेपाशी तिने घाव आखूड केले, तिच्याभोवती गोल कापले आणि जखम झाडावरच राहू दिली. शेवटी दांड्याचे टोक सालीखाली सारून त्यावर अंगाचा भार टाकला. करकर आवाज झाला आणि माणसापेक्षा उंच अखंड साल आम्हा दोघांच्या अंगावर आली. मधोमध तळहाताएवढे भोक. आतले खोड ओले, गुलाबी, कुठे ओरखडासुद्धा नाही.

फौस्तिनोने खोडावरून हात फिरवला. वरून खाली, पुन्हा खालून वर. मग सालीच्या भोकातून डोकावून म्हणाला, “काम ठीक आहे. पण खिडकी कोणी मागितली होती?”

टोळी हसली. त्याने रंगाचा ब्रश झुल्मिराच्या हाती दिला. आकडा टोळीतली पहिली कुऱ्हाड, म्हणजे सर्वांत तरबेज हात, घालते. तिने तो मोठा घातला.

ओढ्यावर हात धुताना ती म्हणाली, “चूक माझी होती, एवढंच बाबाला सांगायचं होतं काका. आणि मी म्हणत राहिले, रस्ता बरा होता.”

बेलार्मिनोच्या मनात काय होते ते मला माहीत नव्हते. तिला बरे वाटावे म्हणून मी काही रचून सांगितले नाही.

आता ती मुकादम आहे. लिस्बनला राहणारे मळेवालेसुद्धा तिची टोळी मिळावी म्हणून हिवाळ्यातच निरोप धाडतात. मनगट ताठ दिसले की ती सगळ्यांसमोर कुऱ्हाड काढून घेते, अगदी बापासारखी. पण जेवणानंतर परत देते. आणि काम चांगले झाले तर तिथल्या तिथे, सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगते. पन्नाशीचे गडी कानापर्यंत लाल होतात.

फौस्तिनोचे गुडघे गेले. तो आता सालींची थप्पी लावतो. गेल्या हंगामात ती त्याला म्हणाली, “फौस्तिनो काका, थप्पी सुरेख लागलीय.”

“मग काय, वाकडी लावू?” तो गुरगुरला. पण त्या दिवशी थप्पी सोडून पाणी प्यायलाही तो खाली बसला नाही.