उपाशी माशा

हिलाल आप्पा प्रयोगशाळेत शिरले की आधी दाराशी चपला काढत, मग काचेच्या बाटल्यांतल्या फळमाशांची विचारपूस करत. “काय वं मायस्वोन, आज कितल्या शेतस?” मेल्या किती, हे त्यांनी कधी विचारलं नाही. वहीत मात्र मेलेल्यांचा आकडा बिनचूक लिहीत.

शहाद्याजवळच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवतो. आप्पा आमचे शिपाई. भास घडवणाऱ्या अळंबीतलं द्रव्य सरकारी परवान्यानं मागवून मी माशांच्या खाद्यात मिसळत होतो. त्यानं म्हातारपण उशिरा येतं का, एवढाच प्रश्न. आणि येत होतं! त्या माशा बाकीच्यांपेक्षा कितीतरी दिवस जास्त जगत होत्या.

“सर, मन्हा गुडघासले बी थोडं द्या ना,” आप्पा थट्टा करत.

एकदा त्यांनी मला न विचारता सगळ्या खाद्यात जिलेबीचा लाल रंग कालवला. दुसऱ्या सकाळी भिंग माझ्या हातात दिलं. “पोट दखा, सर.” साध्या बाटल्यांतल्या माशांची पोटं लाल होती, औषधाच्या बाटल्यांतल्यांची पांढुरकी. “ह्या खातस नई. कडू लागत व्हई. अर्धपोटी शेतस, म्हनीसन जगतस.”

कमी खाणारी माशी जास्त जगते, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. पण शोधनिबंध पाठवून झाला होता, बढती त्यावरच अडली होती. मी म्हणालो, “आप्पा, तुम्ही मोजायचं काम करा.”

“मोजंच ना, सर. पोट बी मोजं.”

निबंध छापून आला, सत्कार झाला. आप्पांची बदली मी ग्रंथालयात करवली. व्हरांड्यात गाठ पडली की ते हळूच विचारत, “पोटनं लिखं का, सर?” मी म्हणे, लिहितो.

निवृत्तीनंतर वर्षभरातच ते खाटेला खिळले. भेटायला गेलो, तर नंदुरबारला मिरच्या वाळवायच्या पथारीवर कामाला असलेली त्यांची मुलगी रजा काढून आली होती. तिनं पदर सावरत विचारलं, “सर, पेपरमा तुम्हनं औषध वाचं व्हतं. आप्पाले देता येई का?”

माझ्याआधी आप्पाच बोलले. “ते काम करत नई, बेटी. सरनी तसं लिखेल शे.” मग माझ्याकडे वळून, “लिखं ना, सर?”

मी मान हलवली. हो.

त्यांनी डोळे मिटले. आठवड्यात गेले.

मी एक ओळही लिहिली नव्हती. आता लिहितो: माशा उपाशी होत्या. हे हिलाल आप्पांनी शोधलं, आणि मला ते त्याच सकाळी पटलं होतं.