आईचं हाड आणि दाजींचा टायर

माझ्या दाजींच्या गाडीचा टायर पंक्चर झाल्यावरही ऐंशी किलोमीटर चालतो. गाडी घेतली त्या दिवसापासून हे मी त्यांच्या तोंडून ऐकत आलोय. दिवाळीत ऐकलं, भाच्याच्या साखरपुड्यात ऐकलं, एकदा तर स्मशानातून परतताना ऐकलं. दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. आमच्यासारखेच नंदुरबारकडून सुरतेला आलेले. आता एम्ब्रॉयडरीच्या मशीनचा त्यांचा मोठा कारखाना आहे, वेसूला फ्लॅट आहे, आणि खाली पार्किंगमध्ये ती जर्मन गाडी उभी असते. मी पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये हिशेब बघतो आणि कोसाडला राहतो. माझ्याकडे स्कूटर आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे लिहिलंय ते जळफळाटातून आलंय असं बहिणीचं मत आहे.

तसं नाही. त्या टायरचं जे चांगलं आहे ते मी कुणाच्याही आधी कबूल करीन. मागच्या वर्षी बहीण एकटी हजिऱ्याकडून गाडी चालवत येत होती. अंधार पडलेला, दोन्ही बाजूंनी पोलादाच्या कॉइल लादलेले ट्रेलर, आणि मागचा टायर बसला. साध्या गाडीत तिला त्या ट्रेलरच्या मधोमध उतरून जॅक लावत बसावं लागलं असतं. इथे समोर पिवळा दिवा लागला, गाडीने वेग कमी ठेवायला सांगितलं, आणि ती थेट घरच्या पार्किंगमध्ये येऊन थांबली. या 'रन-फ्लॅट' टायरची बाजूची भिंत इतकी जाड आणि कडक असते, की हवा गेली तरी गाडीचं वजन ती भिंत उचलून धरते. त्या दिवशी या टायरने माझ्या बहिणीला सांभाळलं. ते मी जमेच्या बाजूला लिहिलंय आणि ते तिथून पुसणार नाही.

पण दुसरी बाजू कुणी लिहायचीच नाही का?

आई मोरीत पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत दांडा आणि स्क्रू बसवले. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हाड नीट बसलंय. आता ते हलता कामा नये. पाय आत वळवायचा नाही, दोन्ही मांड्यांमध्ये उशी ठेवायची, आणि धक्का बसू द्यायचा नाही. या वयात दुसऱ्यांदा उघडायची वेळ आली, तर त्या पुन्हा चालतील याची खात्री मी देणार नाही." मी ते शब्द तिथेच तोंडपाठ केले. पहाटे उठून सगळ्यांच्या आधी गल्ली झाडणारी ती बाई आहे. ती पलंगाला खिळली असती तर काय झालं असतं, ते मला डॉक्टरांनी समजावून सांगायची गरज नव्हती.

हॉस्पिटलची ॲम्ब्युलन्स मिळत होती. मी होकार देणार इतक्यात दाजी पुढे आले.

"सालेसाहेब, मी असताना माझी सासू ॲम्ब्युलन्समधून जाणार? गल्लीतल्या बाया रडायला बसतील! दोन कोटीच्या घरात राहतो मी, एक सीट नाही देऊ शकत सासूला?"

"दाजी, धक्के बसायला नकोत म्हणालेत डॉक्टर."

"म्हणून तर सांगतोय. लक्झरी गाडी आहे ती. तुमच्या रिक्षासारखी नाही."

मी आईकडे पाहिलं. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि म्हणाली, "जवाईबापू म्हनतस ते बरोबर शे." तिच्याकडून दुसरं उत्तर येणार नव्हतं. आमच्याकडे जावयाने पुढे केलेली गोष्ट सासू नाकारत नाही. मग ते पान असो, पातळ असो, नाहीतर गाडी असो.

मागच्या सीटवर चादर अंथरून आईला आडवं टेकवलं, पाय लांब करून. तिची पावलं मांडीवर धरून मी कोपऱ्यात बसलो. पुढे बहीण, आणि स्टिअरिंगवर दाजी. सीट खरंच मऊ होती, लोण्यासारखं कातडं. मला वाटलं, आपणच उगाच शंका काढली.

पहिला स्पीडब्रेकर आला आणि मला कळलं की मऊपणा सीटवरच संपतो. खालून आलेला दणका सरळ वर आला. ज्या भिंतीने हजिऱ्याला बहिणीला तारलं, तीच ही भिंत. हवा गेल्यावर वजन पेलायचं म्हणून ती कडक केलेली, आणि हवा असते तेव्हाही ती कडकच राहते. वर्षातून एखाद्या वेळी होणाऱ्या पंक्चरसाठी रोजच्या प्रत्येक खड्ड्यात किंमत मोजायची, असा तो सौदा आहे. शोरूममधला टाय लावलेला माणूस हे सांगत नाही. तो फक्त ऐंशी सांगतो.

आईच्या पायाची बोटं माझ्या हातात होती, आणि प्रत्येक दणक्याला ती बोटं घट्ट मिटत होती.

"आई, दुखतंय का गं?" बहिणीने मागे न वळता विचारलं.

"नही व, माले काही त्रास नही," आई म्हणाली. बोटं मिटलेलीच होती.

तापी ओलांडून अमरोलीच्या बाजूला उतरलो. ड्रेनेजसाठी तिकडचा रस्ता उकरून ठेवला होता आणि वरवर माती लोटली होती. तिथल्याच कुठल्यातरी सळईने काम केलं असणार. टिंग करून आवाज आला आणि समोर पिवळा दिवा लागला. मागचा, आईची पाठ टेकली होती त्या बाजूचा टायर.

दाजींचा चेहरा मला आरशात दिसत होता, आणि खरं सांगतो, तो खुलला होता.

"बघा सालेसाहेब, आता बघा! दुसरी गाडी असती तर इथे उन्हात सासूबाईंना घेऊन बसलो असतो. ही बघा, चालतेय की नाही? ऐंशी किलोमीटर! तुमचं कोसाड काय, नंदुरबारला नेऊन सोडतो."

"दाजी, हळू."

"अहो, ऐंशीच्या स्पीडपर्यंत परवानगी आहे. मी तीसनेच चाललोय."

गाडी चालत होती, यात वाद नाही. पण आता खाली हवाच नव्हती. होती ती नुसती रबराची भिंत, आणि रस्त्यावरचा एकेक खडा ती भिंत आईच्या बाजूने आत पाठवत होती. पुढे त्या दोघांना निम्मंही जाणवत नसावं. चाकाच्या बरोबर वर आईचा खुबा होता.

एका खड्ड्यात गाडी आपटली. आईने पदराचा बोळा तोंडात धरला. ओरडू नये म्हणून, जावई गाडी चालवतोय म्हणून.

"थांबवा गाडी!" मी ओरडलो.

इतक्या वर्षांत दाजींसमोर मी आवाज चढवला नव्हता. त्यांनी करकचून ब्रेक मारला आणि तोही आईलाच बसला.

"काय झालं दादा? केवढ्यांदा ओरडतोस!" बहीण म्हणाली.

"तिच्याकडे वळून बघ, मग विचार."

बहीण वळली. आईच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि पदर अजून तोंडात होता. बहिणीने एकदाच पाहिलं आणि नजर नवऱ्याकडे वळवली.

"स्टेपनी लावा," मी म्हणालो.

"नाहीये."

"नाही म्हणजे?"

"या गाडीत नसतेच. रन-फ्लॅट असल्यावर स्टेपनी कशाला? कंपनीने विचार करूनच केलंय ना." मग थोडं खाली येऊन म्हणाले, "आता तीन किलोमीटर राहिलं असेल. ऐंशीतले तीन! तुम्ही हिशेबी माणूस, तुम्हीच सांगा."

हो, मी हिशेबी माणूस आहे. म्हणून तर माझं डोकं फिरलं. ऐंशी किलोमीटरचा तो आकडा गाडीचा होता. आत बसलेल्या माणसाला किती किलोमीटर सोसेल, हे कुठल्या कंपनीने मोजलं होतं? हे मी तिथेच दाजींना विचारलं. ते म्हणाले, "तुम्हाला माझी गाडी पहिल्यापासून खुपते."

भांडायला वेळ नव्हता. समोर टायरचं दुकान दिसत होतं. तिथल्या माणसाने लांबूनच टायरची बाजू पाहिली आणि हात हलवला. असला कडक टायर काढायचं मशीन त्याच्याकडे नव्हतं. मी हॉस्पिटलच्या वॉर्डात फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, "रस्त्यात त्यांना उचलून दुसऱ्या गाडीत घालू नका. तेच जास्त धोक्याचं. स्ट्रेचर असेल तरच हलवा." ॲम्ब्युलन्सला विचारलं तर ती दुसऱ्या पेशंटला घेऊन निघालेली, कधी मोकळी होईल ते सांगता येत नव्हतं. ऊन चढत होतं. एसीसाठी इंजिन चालू ठेवलं तरी आईला त्या अवघडल्या अवस्थेत किती वेळ ठेवणार?

मग मी माझी जागा बहिणीला दिली. आईची पावलं तिच्या मांडीवर ठेवली, खुब्याखाली हॉस्पिटलातून परत आणलेल्या दोन शाली घडी करून घातल्या, आणि दाजींना म्हणालो, "मी पुढे चालतो. मी पाय टाकीन तिथेच चाक टाका. मी हात वर केला की थांबा."

"पायी? गाडीच्या पुढे? लोक काय म्हणतील?"

"चला म्हणतो ना."

असा मी चाललो. दुपारच्या उन्हात, अमरोलीच्या रस्त्याच्या मधोमध, मागे चमकणारी जर्मन गाडी चारही दिवे मिचकावत माझ्या चालीने येतेय आणि मी खड्डे दाखवत पुढे. मागून सगळ्या सुरतेचे हॉर्न. एक रिक्षावाला शेजारून जाताना ओरडला, "काका, वरघोडो काढ्यो के? वरराजा क्यां छे?" त्याला वाटलं नवरदेवाची वरात निघालीय. मी मागे बोट दाखवलं. त्याने काचेतून आत पाहिलं, हसू आवरलं, आणि रिक्षा आडवी घालून मागच्या टेम्पोवाल्याला शिव्या दिल्या, "देखातूं नथी? पेशंट छे!" तेवढ्या वेळात मी गाडीला एक भला मोठा खड्डा चुकवून पुढे नेलं.

मी अधूनमधून मागे बघत होतो. बहीण काचेतून मान हलवून सांगायची, ठीक आहे. दाजी सरळ समोर बघत होते.

घरी पोचलो. शेजारच्या चौघांनी खालची चादर स्ट्रेचरसारखी ताणून धरली आणि आईला उचलून आत नेलं. ती पलंगावर टेकली तेव्हा दाजींनी दारातून काय म्हणावं? "आणलंच की नाही शेवटी टायरने!"

मी चप्पल काढत होतो. उत्तर दिलं असतं तर ते फार वाईट झालं असतं, म्हणून तोंडावर पाणी मारायला आत गेलो.

टाके काढायच्या वेळी एक्स-रे झाला. फिल्म उजेडाला धरून डॉक्टर पाहत होते तेव्हा मी फिल्म सोडून त्यांचाच चेहरा वाचत होतो. "हाड जागेवर आहे," ते म्हणाले. दाजी शेजारीच उभे होते. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "झालं काही? उगाच केवढा तमाशा केला." म्हणजे आई वाचली ती टायरमुळे, आणि मी चाललो तो तमाशा. या गोष्टीचा राग माझा अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही. टायरचंही ऐका. शोरूमने सांगितलं, हवा गेल्यावर हा चाललाय, आतून किती खराब झालाय सांगता येत नाही, दुरुस्ती करणार नाही, नवाच घ्या. तो सुरतेत नव्हता. बाहेरून येईपर्यंत गाडी तशीच उभी राहिली. साध्या टायरला तेवढंच छिद्र पडलं असतं तर अमरोलीतल्या त्या माणसाने चहा थंड व्हायच्या आत बुजवलं असतं.

आई वॉकर धरून चालायला लागल्यावर दाजी एका रविवारी तिला वेसूला जेवायला न्यायला आले. नवा टायर लावून. पुन्हा तोच, रन-फ्लॅट. मी पुढे होऊन काही बोलणार, तेवढ्यात आईच उंबऱ्यात थांबली.

"जवाईबापू, गाडी तुम्हनी शे," ती म्हणाली, "पन हाड मनं शे. मी रिक्षामा येस."

गल्लीत दोघी-तिघी बघत होत्या. दाजींचे कान लाल झाले. "सासूबाई, तुम्ही तर म्हणाला होतात, त्रास नाही."

"तुमले कसं सांगू, बापू? तुम्ही जवाई ना."

मग बहिणीने नवऱ्यापुढे हात केला. "किल्ली द्या. तुम्ही मागे बसा, आई बसली होती तिथे."

"मी कशाला?"

"बसा तर."

ते बसले. माझ्यावर चिडूनच बसले असतील, कारण मला म्हणाले, "चला, तुम्हीही या. बघा तुम्हीच." मी त्यांच्या शेजारी बसलो. आई उंबऱ्यातच राहिली, वॉकरवर रेलून. बहिणीने त्याच उकरलेल्या रस्त्याला गाडी घातली. तीसच्या वर काटा नव्हता, टायरमध्ये पूर्ण हवा होती. पहिल्या दणक्याला दाजींनी वरचं हँडल धरलं. दुसऱ्याला कंबर सावरली. तिसरा खड्डा मला लांबूनच दिसत होता, पण या वेळी मी हात वर केला नाही.

"हळू चालव ना जरा," ते म्हणाले.

बहीण तीसनेच चालवत राहिली.