काचवाली आणि वन्संची दुर्बीण

खेळाच्या सामानाच्या त्या दुकानात तिला सगळे काचवाली म्हणत. आधी ती चष्म्याची भिंगं घासायच्या कारखान्यात होती. तो बंद पडला तेव्हा ती इथे आली आणि मालकाने तिला रायफलींच्या दुर्बिणी तपासायला बसवलं. लोक जुन्या दुर्बिणी विकायला आणत, नाहीतर त्या देऊन नवी मागत, आणि कुठली दुर्बीण किती किमतीची हे ठरवणं तिच्याकडे असे. मालक बोलघेवडा. गिऱ्हाइकाला घोळात घ्यायला पटाईत. पण भावाचा प्रश्न आला की तो मागच्या गोदामाकडे बोट दाखवायचा. "ती म्हणेल तसं."

तिने स्वतः कधी गोळी झाडली नव्हती. आवाजाने तिचं डोकं उठायचं. एखादा नवखा कौतुकाने विचारायचा, "मग तुम्ही किती लांबचं मारता?"

"मी माशीही मारत नाही," ती म्हणायची. "नुसती बघते."

बघायची तिची रीत ठरलेली होती. गोदामात एक लांबलचक बोळ होता. त्याच्या एका टोकाला जमिनीत पक्कं रोवलेलं लोखंडी स्टँड, दुसऱ्या टोकाला बारीक चौकटी आखलेला फळा. दुर्बीण स्टँडवर बसवायची, आतली नेमाची फुली फळ्याच्या मध्यावर आणायची, आणि मग वरची आणि बाजूची चकती टकटक फिरवत फुलीला वर, उजवीकडे, खाली, डावीकडे असं चौकोनात हिंडवून आणायचं. चांगल्या दुर्बिणीत फुली निघाली तिथेच परत येते. वाईटात ती केसभर अलीकडे थांबते, आणि हा केसभर फरक दूरच्या लक्ष्यावर वीतभर होतो. इथे नापास झालेल्या दुर्बिणीची काच कितीही सुरेख असो, काचवाली तिचं तोंड पुन्हा बघत नसे. पास झाली तर रबरी हातोडीने हलके ठोके देऊन पुन्हा तोच चौकोन. मग मागच्या दारात उभं राहून आकाशासमोरची विजेची तार बघायची. तारेच्या कडेला जांभळी झाक दिसली की किंमत उतरली. शेवटी उजेड उतरताना समोरच्या गल्लीतल्या पाट्या वाचायच्या, कारण दुकानातल्या झगमगाटात भिकार दुर्बीणसुद्धा राणीसारखी दिसते, असं तिचं मत होतं.

तिची नणंद नेमबाज होती. नवऱ्याची थोरली बहीण. नवरा तिला ताई म्हणे. काचवालीला लग्नापासून 'वन्सं' म्हणायची सवय लागली होती, ती सुटली नाही. वन्सं लांब पल्ल्याच्या स्पर्धांत उतरत आणि त्यांच्या क्लबात बरीच वर्षं पहिला नंबर सोडत नसत. घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे, आणि मैदानावर नेम चुकत नसे.

तो चुकायला लागला. एका मोसमात वन्सं पहिल्या पाचांतही आल्या नाहीत. मग एके दिवशी सकाळी दुकान उघडताच त्या दुर्बीण घेऊन थेट गोदामात शिरल्या.

"हिच्यात काहीतरी सैल झालंय. बघ, आणि कंपनीला चिठ्ठी लिही. बदलून देतील."

"ठेवून जा, वन्सं. बघते."

"बघायचं काय त्यात? मी सांगतेय ना."

वन्सं गेल्यावर काचवालीने दुर्बीण स्टँडवर चढवली. डोळ्याकडची कडी पार एका टोकाला फिरलेली होती. ही कडी प्रत्येक जण आपल्या नजरेप्रमाणे लावतो, फुली ठसठशीत दिसावी म्हणून, आणि हाताळताना ती इकडची तिकडेही होते. तिने ती रोजच्यासारखी स्वतःच्या डोळ्याला जुळवून घेतली आणि कामाला लागली. फुली चौकोनात फिरून जागेवर आली. ठोके दिल्यावरही आली. तार काळीभोर, स्वच्छ. संध्याकाळी गल्लीतल्या न्हाव्याच्या पाटीवरचा टेलिफोन नंबर तिने सहज वाचला. दुर्बिणीत काही म्हणजे काही बिघडलेलं नव्हतं.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि घरातली भांडणं मधल्या मजल्यावर अडकवून ठेवण्यातही त्याचा हातखंडा होता.

"म्हण ना थोडं सैल आहे म्हणून," तो म्हणाला. "ताईला बरं वाटेल. तुझं काय जातंय?"

"कंपनी तपासून तशीच परत पाठवेल. मग तेच त्यांना परक्याकडून ऐकावं लागेल."

"मग परक्याकडूनच ऐकू दे की! आपल्या डोक्याला ताप नको."

दुसऱ्या दिवशी वन्सं आल्या तेव्हा तिने सरळ सांगून टाकलं. "दुर्बीण ठणठणीत आहे."

"म्हणजे मी बिघडलेय."

"तसं कुठे म्हटलं मी?"

"म्हणायचं काय राहिलं?" वन्संनी ओठ आवळले. "ठीक. विकायचीय मला ही. लाव भाव."

काचवालीने चांगल्या दुर्बिणीला लावायचा तो पूर्ण भाव लावला. वन्संना ते आणखीच झोंबलं. पडता भाव लावला असता तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी पदरचे पैसे घालून कपाटातली सगळ्यात महागडी दुर्बीण घेतली आणि पावती पर्समध्ये कोंबून निघून गेल्या. जुनी दुर्बीण त्याच आठवड्यात एका गुरांच्या डॉक्टरने नेली.

मग अबोला. वन्संचे फोन भावाला येत, आणि वहिनीची चौकशी 'बाकी सगळे बरे ना' एवढ्यावर भागत असे. नव्या दुर्बिणीवर त्यांनी पहिली स्पर्धा जिंकली. ती बातमी नवऱ्याने जेवताना सांगितली आणि बायकोकडे चोरून बघितलं. काचवाली म्हणाली, "छान झालं." तिला खरंच तसं वाटलं होतं, फक्त आपण कुठे चुकलो हे समजेना. तिने मनातल्या मनात तो चौकोन पुन्हा फिरवून पाहिला. चूक सापडली नाही.

पण पुढच्या स्पर्धेत वन्सं पुन्हा घसरल्या आणि तिसरी त्यांनी अर्ध्यात सोडली. तेव्हा नवी दुर्बीण गोदामात आली, या वेळी भावाच्या हातून. तो दुपारच्या सुट्टीत आला, बोळाच्या तोंडाशी उभा राहिला आणि म्हणाला, "ताई म्हणते हीसुद्धा सैल आहे. मी काही बोलत नाही. मी चाललो."

काचवालीने दुर्बीण उचलली आणि डोळा लावण्याआधीच थांबली. डोळ्याकडची कडी पार टोकाला होती. त्याच टोकाला, पहिलीपेक्षाही पुढे. एक दुर्बीण हाताळताना फिरली असेल. दोन्ही, आणि एकाच दिशेला?

तिने चौकोन फिरवला, कारण फिरवायलाच हवा होता. दुर्बीण उत्तम होती. मग ती तशीच चपला घालून वन्संच्या घरी गेली.

वन्सं कपडे घड्या करत होत्या. "झाली तपासून? हीपण ठणठणीतच असेल."

"हो. वन्सं, एक विचारू? ही कडी तुम्ही मुद्दाम फिरवता?"

"मग? फुली नीट दिसायला नको?"

"आधी कुठे असायची?"

वन्संनी हातातला टॉवेल घडी न करताच ढिगावर ठेवला. आठवून त्या म्हणाल्या, "मधे. मधेच असायची कायम."

"एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन या."

"माझे डोळे? अगं, मी अजून सुईत दोरा ओवते!"

"दोन्ही डोळ्यांनी ओवता. नेम एका डोळ्याने धरता."

वन्संनी तळहाताने डावा डोळा झाकला आणि खिडकीबाहेर बघितलं. बराच वेळ. काचवालीने उरलेले कपडे घड्या करायला घेतले.

"जा तू," वन्सं म्हणाल्या. "चहा नाही टाकत आज."

डॉक्टरांकडे त्या एकट्याच गेल्या. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन ठरलं त्या दिवशी भावाला नेमकी कुठल्याशा इमारतीतली बंद पडलेली लिफ्ट होती, म्हणून सोबत काचवाली गेली. दवाखान्यातल्या बाकावर दोघी शेजारी बसल्या. वन्संना भीती वाटत होती आणि ती दिसू नये म्हणून त्या पंख्यापासून फरशीपर्यंत सगळ्याला नावं ठेवत होत्या.

"तुला पहिल्यांदाच कळायला नको होतं?" त्यांनी मधेच विचारलं. "कडी तेव्हाही तशीच असणार."

"तशीच होती. मी बघितली आणि माझ्या डोळ्याला लावून घेतली. विचारच केला नाही."

"आणि तुला वाटलं माझा हात कापतो."

काचवालीने मान हलवली. "वाटलं."

"हं," वन्सं म्हणाल्या. नर्सने आत बोलावलं तेव्हा पर्स त्यांनी वहिनीच्या मांडीवर ठेवली.

पट्टी निघाल्यावर त्या आळीपाळीने एकेक डोळा मिटून घरभर हिंडल्या. नव्या डोळ्याला भिंत पांढरीशुभ्र दिसे आणि दुसऱ्याला जुन्या वर्तमानपत्रासारखी. "म्हणजे यातही सुरुवात झालीय," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या दुकानातली कपाटं! मला वाटायचं, तुम्ही ती कधी पुसतच नाही."

जुनी दुर्बीण त्यांना परत हवी होती. गुरांच्या डॉक्टरने साफ नकार दिला. नवी विकून दुसरी घ्यावी तर काचवालीने नळीवर बोट ठेवलं. रायफलीवर बसवताना स्क्रू जास्त आवळल्यामुळे तिथे वळ उमटले होते.

"याचे पैसे कापावे लागतील."

"घरच्यांचेसुद्धा?"

"नळी घरची नाही, वन्सं."

तेव्हा नवीच ठेवावी लागली. पुढच्या मोसमात वन्सं पुन्हा उतरल्या. पहिला नंबर आला नाही. दुसऱ्या क्लबातली एक मुलगी आता फारच सरस मारत होती, आणि ते वन्संनी स्वतःच घरी येऊन सांगितलं. त्या तिसऱ्या आल्या, एकदा दुसऱ्या.

त्यांच्या हाताशी आता वेळ असे. दुपारी दुकानात येऊन त्या बसत आणि दुर्बीण घ्यायला आलेल्याला न विचारता सल्ला देत. वन्सं म्हणत महागडी घ्या. काचवाली म्हणे तुमच्या पल्ल्याला मधली पुरे. गिऱ्हाईक दोघींकडे आळीपाळीने बघे आणि काहीच न घेता निघून जाई. असं दोन-चारदा झाल्यावर मालकाने वन्संना मोठ्या मानाने उठवून दाराजवळ, बुटांच्या कपाटापाशी खुर्ची दिली. तिथे त्या अजून बसतात. बूट बरे खपतात.