पप्पांनी काढलेला लाल व्हिडिओ

मंडळी, आज आमच्या बारावीचा निरोप समारंभ झाला आणि माझा एकही धड फोटो नाही!

पप्पा चाकणच्या कंपनीतून फर्स्ट शिफ्ट करून थेट कॉलेजच्या मैदानावर आले. आत कुणी फोटो काढू नयेत म्हणून कंपनीच्या गेटवर फोनच्या कॅमेऱ्याला लाल स्टिकर लावतात, तो काढायचाच राहिला. मी स्टेजवर बोलत होते आणि ते हात उंच धरून शूटिंग करत होते. उन्हात स्क्रीन दिसलीच नाही म्हणे.

घरी बघितलं, तर सगळा व्हिडिओ मंगळावर काढल्यासारखा नुसता लाल. मी जाम चिडले. मग आवाज तरी आलाय का बघू म्हणून इअरफोन लावले.

भाषणात मी सांगून टाकलं होतं, मला इंजिनिअरिंग नाही, खगोलशास्त्र शिकायचंय. घरी हा विषय निघाला की पप्पा उठून बाहेर जातात.

व्हिडिओत शेजारचे कुणी काका त्यांना विचारतात, "तारे बघून पोट भरतं का, राव?"

पप्पा म्हणतात, "म्हाईत न्हाई. पण थर्ड शिफ्टला रातच्याला बसची वाट बघताना मी बी वर बघत असतो. नावं तेवढी ठाऊक न्हाईत. ती शिकली की सांगंल."

मघापासून डोळे मिटून तेवढंच ऐकतेय.

पुढच्या आठवड्यात पप्पांची थर्ड शिफ्ट आहे. मी त्यांना स्टॉपपर्यंत सोडायला जाणार. थोडी नावं मला आत्ताही येतात.

सांगा, कुठल्या ताऱ्यापासून सुरुवात करू?