मास्तरांची जनावरं

श्रावणातल्या एका मंगळवारी माझे यजमान शाळेच्या पायऱ्यांवर कोसळले आणि गेले. आमचे घर महाडला. ते शाळेत चित्रकला शिकवीत. मी घरी मातीची जनावरे करीत असे.

गावाला मात्र ती जनावरे त्यांचीच वाटत. दासगावहून सावित्रीकाठची माती पोत्यात भरून सायकलवर ते आणत, परसात तुडवीत, भट्टी लावीत. गुडघ्यापर्यंत चिखलात उभे असलेले मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत. मी आत बसलेली असे. लग्नाआधी मुंबईत हे काम मी शिकले होते, हे त्यांनी कितीदा तरी सांगितले. लोक हसून मान डोलावीत आणि म्हणत, "मास्तर, बैल झकास जमलाय हो."

जनावर आधी भरीव करायचे, तारेने मधोमध कापायचे, आतली माती कोरून काढायची आणि दोन्ही भाग पुन्हा जोडायचे. शेवटी विणायच्या सुईने पोटाखाली एक भोक पाडायचे. आत हवा कोंडली तर भट्टीत जनावर फुटते. पावसाळ्यात भट्टी लागत नसे, म्हणून त्या दिवसांत केलेले सगळे स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर वाळत ठेवायचे. भाजायचे ते दसऱ्यानंतर.

त्या वर्षी पोलादपूरकडची एक शेतकरीण आपल्या म्हशीची मूर्ती करून मागायला आली होती. म्हैस म्हातारी झाली होती. ती जायच्या आत तिचे रूप घरात हवे, एवढेच तिचे म्हणणे. पुढच्या खेपेला मी केलेली म्हैस तिने फिरवून फिरवून पाहिली.

"डावं शिंग खाली हाय गो तिचं. सरळ करून कशापायी नटवतेस तिला?"

मी शिंग वाकवले.

"आता माझी हाय. पण रेडकू कुठाय? त्याच्याबिगर ती पान्हा सोडत नाय."

ती गेल्यावर यजमान माझ्या पाटावर बसले आणि त्यांनी रेडकू केले. आयुष्यात त्यांनी केलेले ते एकच जनावर. मान आखूड, पाय खुर्चीसारखे.

"हे कुत्रं झालंय," मी म्हटले.

"तुला काय कळतंय? म्हैस ओळखील," ते म्हणाले, आणि माझी सुई घेऊन त्यांनी त्याच्या पोटाला भोक पाडले. म्हशीशेजारी ते माळ्यावर गेले. पुढच्याच आठवड्यात यजमान वारले.

सुतकात मातीची भांडी बाटतात. सुतक फिटले की ती टाकून नवी आणायची, ही आमच्याकडची रीत. त्या दिवशी त्यांच्या आत्याबाईंनी माठ, मडकी, दह्याचे गाडगे बाहेर काढले. मग त्यांचे लक्ष माळ्याकडे गेले.

"ती भांडी नाहीत, आत्याबाई," मी कोपऱ्यातून उठून म्हटले. "त्यांत कुणी जेवलेलं नाही."

"सूनबाई, तांब्यापितळेला चिंच लावून घासता येतं. मातीला काय लावू?"

शेजारच्या काकू डोळे पुसत म्हणाल्या, "मास्तरांची जनावरं मास्तरांमागं गेलेली बरी."

"ती माझी आहेत," मी म्हटले. काकू टोपली घेऊन आल्या. "बरं, सगळी न्या. तेवढं रेडकू ठेवा."

"कुठलं गं?"

"ते कुत्र्यासारखं दिसतंय ते."

आत्याबाईंनी काकूंकडे पाहिले. "डोक्यावर परिणाम झालाय पोरीच्या," त्या हळूच म्हणाल्या, पण मला ऐकू गेले. टोपली भरली. मी तिचा काठ धरला, तेव्हा काकूंनी माझी बोटे एकेक करून सोडवली, फार मायेने. टोपली नदीवर गेली.

बिघडलेली जनावरे मी नेहमीच पाण्यात टाकून पुन्हा माती करीत असे. त्यामुळे नदीत काय झाले असेल ते मला बघायला जावे लागले नाही. पाय आधी जातात. मग कान. धड बराच वेळ तसेच राहते आणि मग बसते.

दसऱ्यानंतर ती शेतकरीण आली. मी घडले ते सांगितले. ती उंबऱ्यावरच बसली.

"माझी म्हस कशापायी बुडवली? माझ्या घरात कोन मेलं नव्हतं."

तिला दुसरी म्हैस करून दिली, डावे शिंग खाली असलेली. तिने रेडकाचे विचारले नाही. मी ते पुष्कळदा करून पाहिले आहे. दर वेळी ते रेडकासारखे दिसते. मग मी ते पाण्यात टाकते.

शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात यजमानांचा फोटो लावला आहे. खाली 'शिल्पकार' असे लिहिले आहे. फोटोशेजारच्या कपाटात माझा एक बैल आणि दोन शेळ्या आहेत.

टोपली नदीवर गेली त्या दिवशी त्यांनी शेवटची आणलेली माती परसात होती. तिला अजून आकार नव्हता, म्हणून ती कुणी टाकली नाही. तिचा थोडा ढीग अजून आहे.