माझी गाणी प्रेमाची आहेत

"तुमच्याकडे मयतीला काय गातात, ते जरा गाऊन दाखव ना."

मॅडम माइकवर बोलल्या. हसून. अगदी प्रेमाने.

अंधेरीतला गारेगार हॉल. पुढे गाद्या, मागे खुर्च्या. माझा पहिला अल्बम ऐकायला लोक जमलेले. मॅडम गाण्यातल्या मोठ्या जाणकार. त्यांनी चांगलं म्हटलं की बाकीचे चांगलं म्हणतात. कार्यक्रम त्यांनीच ठेवला होता. मी त्यांच्या बाजूला, स्टुलावर. आई दुसऱ्या रांगेत, तिच्या शेजारी माझे सर.

आमच्या घरातली शेवटची मयत माझ्या वडिलांची. वर्षसुद्धा झालं नव्हतं.

मी विक्रोळीची. पप्पा कारखान्यात होते आणि जयंतीच्या मंडपात गायचे. माइक बंद पडला तरी शेवटच्या माणसापर्यंत आवाज जायचा. तोच गळा माझ्याकडे आला. शाळेत बाई म्हणाल्या, तुझा आवाज जाड आहे, तू कोरसमध्ये मागे उभी राहा. राहिले. दहावीपर्यंत मागेच.

मग सर भेटले. चेंबूरच्या एका चर्चमध्ये ते कॉयर शिकवायचे. त्यांनी मला अमेरिकेतल्या काळ्या लोकांची जुनी गाणी ऐकवली. म्हणाले, याला सोल म्हणतात. शब्द एक कळेना. पण गळा ओळखीचा. मी म्हटलं, सर, हे तर आमचे पप्पा गातायत.

पुढे कित्येक वर्षं सरांकडे जात राहिले. पोटावर जाड पुस्तक ठेवून आडवी पडायचे आणि श्वासाने ते वर उचलायचे. एकच सूर, दुपारभर. चुकला की पहिल्यापासून.

त्यातून हा अल्बम झाला. चाली सोलच्या, शब्द मराठी. सगळी गाणी प्रेमाची. एक मुलगा होता, पवईला नोकरीला. हसायचा छान, मेसेजला उत्तर द्यायचा नाही. त्याच्यावर लिहिलेली. एवढंच.

लोकांनी ऐकली. मला वाटलं होतं त्याहून खूप जास्त लोकांनी. कौतुकाचा नुसता पाऊस. 'रॉ आवाज.' 'वस्तीचा हुंकार.' 'मातीतलं गाणं.' आमच्या चाळीत माती कुठाय? सगळा कोबा आहे. एका गाण्यात मी 'थांब ना' हे दोनच शब्द लांब ओढलेत. त्यात एकाला पिढ्यान्‌पिढ्यांची वेदना ऐकू आली. मी त्या पोराला अजून एक चहा घे म्हणत होते.

एकाने खाली कमेंटमध्ये विचारलं, हिचं आडनाव काय? दुसऱ्याने सांगितलं. मग भांडण जुंपलं. त्या भांडणात गाण्याबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही. आमच्या आत्यालाही अल्बम फार रुचला नाही. म्हणाली, बरं आहे गं, पण जयंतीला वाजवता येणार नाही.

आत्याचा राग नाही आला. तिने निदान गाणं ऐकलं होतं.

बाकीच्यांना मी थँक्यू म्हणत राहिले. गिळत राहिले. नवीन आहे, ऐकून घ्यावं लागतं.

त्या संध्याकाळी मॅडमनी ओळख करून दिली, "हिला कोणी शिकवलेलं नाही. हे असंच आलंय. दुःखातून." सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मग गाणी वाजली. टाळ्या झाल्या. पुढच्या गादीवरचे एक काका म्हणाले, प्रेमाची गाणी काय, कोणीही गातं, हिच्याकडून दुसरं काहीतरी हवं होतं. माना हलल्या. मॅडमनाही पटलं. आणि त्यांनी मयतीचं गाणं मागितलं.

मी आईकडे बघितलं. तिने मान खाली घातली नव्हती. तीही माझ्याकडेच बघत होती.

मी माइक घेतला.

"मयतीला आमच्याकडे तेच करतात जे तुमच्याकडे करतात, मॅडम. रडतात."

कोणीतरी हसलं. मग एकटंच पडलं.

"आणि मला शिकवलंय. माझे सर तिथे बसलेत. मी प्रेमात पडले होते, त्याची गाणी आहेत ही. तुमच्या मुली पडतात तशीच पडले होते."

मॅडम म्हणाल्या, "अगं, मी तुझं कौतुकच करतेय."

"गाण्याचं करा. माझ्या बापाच्या मरणाचं नको."

माइक ठेवला. आईला घेऊन बाहेर पडले. सर मागून आले. रिक्षाची वाट बघत उभे असताना हळूच म्हणाले, जरा सबुरीने घ्यायला हवं होतंस. सरांनीच असं म्हणावं, हे जास्त लागलं. ते चूक बोलत होते असंही नाही. पुढे काय होणार ते त्यांना दिसत होतं.

तसंच झालं. कोणीतरी मोबाइलवर घेतलं होतं, ते सगळीकडे फिरलं. उद्धट. माजली. लायकी नाही. ज्यांनी हुंकार हुंकार लिहिलं होतं, तेच जास्त चिडले. त्यांना हुंकार हवा होता, पण त्यांच्या अंगावर आलेला नको होता. बोरिवलीतला कार्यक्रम ठरला होता, तिथल्या माणसाने फोन उचलणं बंद केलं. अल्बम काढणाऱ्या कंपनीतला मुलगा समजवायला आला. एक सॉरी लिहून टाक, म्हणाला. पुढचा अल्बम संघर्षावर कर, शूटिंग तुमच्या चाळीतच करू. "तुझी स्टोरीच एवढी स्ट्राँग आहे यार."

मी नाही म्हटलं. सॉरीला नाही, चाळीलाही नाही. कंपनी सुटली.

आता पुढची गाणी लिहितेय. घरीच, पंखा बंद करून रेकॉर्ड करते. हीसुद्धा प्रेमाची. रुसण्याची, वाट बघण्याची, एकमेकांच्या अंगाच्या ओढीची. आमच्या घराने काय सोसलं ते मला पाठ आहे. पण ते कोणी फर्माईश केली म्हणून गाणार नाही. कधी गायचं, कोणासमोर गायचं, गायचं की नाही, हे मी ठरवणार.

हॉल मिळाला नाही तरी चालेल. मागे उभी राहणार नाही.